विमानाला टक्स

कागदाची विमानं करतो असं सांगितलं की समोरचा माणूस विचारतो, "उडतं का?" शाळेत मागच्या बाकावरून एखादं तरी विमान प्रत्येकानं सोडलेलं असतं, त्यामुळे या विषयात आपल्याला गती आहे याबद्दल कोणाच्याच मनात शंका नसते. नाही उडत, असं म्हटलं की त्याचा चेहरा पडतो. "मग काय करतं?" काही करत नाही. कपाटावर बसतं. "अच्छा," म्हणून तो विषय बदलतो आणि पुढच्या वेळी भेटला की माझ्या बायकोशी जरा जास्त आपुलकीनं बोलतो.

त्यात मी विमानं नुसती चिकटवत नाही, बेततो. हा फरक घरच्यांनाही अजून पटलेला नाही. छापील तक्ता आणून, कापून, चिकटवणारे लोक वेगळे. तो तक्ता मुळात कोणीतरी काढलेला असतो. नाकाचा तुकडा किती रुंद, पंखाची घडी कुठे, चिकटवायची पट्टी किती मिलिमीटरची, हे ठरवणारा एक इसम पडद्यामागे असतो. तो इसम मी. चिकटवणाऱ्याला शेवटी विमान तरी मिळतं. बेतणाऱ्याला मिळतात कातरणांनी भरलेल्या पिशव्या आणि "हे टाकू का?" हा प्रश्न, जो विचारला जाईपर्यंत बहुधा टाकून झालेलं असतं.

या छंदाला परंपरा आहे हे मी पाहुण्यांना आवर्जून सांगतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनमध्ये खेळण्यांसाठी ना धातू मिळत होता ना लाकूड, तेव्हा 'मायक्रोमॉडेल्स' नावाची पोस्टकार्डाएवढी छापील कार्डं लोक कापत बसायचे. पोलंडमध्ये १९५७ साली 'मावी मोदेलाश' नावाचं मासिक सुरू झालं. त्याच्या पानांवर अख्खं जहाज, रणगाडा किंवा विमान छापलेलं असतं. अंक वाचून रद्दीत घालायचा नाही, त्याचीच विमानं करायची. आपल्याकडे दिवाळीचा आकाशकंदील आहेच. आकाशकंदिलाच्या सगळ्या बाजू सपाट असतात, तो हमखास जमतो, माणसाला आत्मविश्वास येतो आणि मग तो विमानाकडे वळतो. इथून पुढे घसरगुंडी.

पोलिश विमानं १:३३ या प्रमाणात असतात. त्या प्रमाणात मोठं प्रवासी विमान केलं तर पंखांचा पसारा मीटरभराच्याही वर जातो. तेवढ्या जागेचं आजच्या दरानं काय भाडं येईल, याचा तोंडी हिशेब आमच्या घरात एकदा जेवताना मोठ्यानं केला गेला. तेव्हापासून मी १:१०० वर आहे.

शहाणा माणूस मॉडेलसाठी जेट विमान निवडतो. मला पंख्यांची विमानं आवडतात. साधारण १९३५ ते १९६० या काळात प्रवासी विमानांना चेहरे होते. डाकोटा, म्हणजे डीसी-३, जमिनीवर असताना नाक वर करून बसायचं. आत शिरलेल्या प्रवाशाला आपल्या खुर्चीपर्यंत चढण चढावी लागे. बोइंग स्ट्रॅटोक्रूझरला दुमजली पोट होतं. खालच्या मजल्यावर गोल जिन्यानं उतरून ग्लास हातात घेऊन बसायची सोय होती. आणि या सगळ्यांत देखणं म्हणजे लॉकहीडचं कॉन्स्टेलेशन.

हॉवर्ड ह्यूजच्या टीडब्ल्यूए कंपनीला हवं म्हणून ते जन्माला आलं आणि ९ जानेवारी १९४३ रोजी पहिल्यांदा उडालं. नाक खाली झुकलेलं, पाठ कमानदार, शेपूट वर उचललेलं, त्यावर एकाच्या जागी तीन उभे पंख. आणि हे सगळे नखरे कारणासकट. पंखे पंधरा फुटी, ते जमिनीला लागू नयेत म्हणून विमान उंच पायांवर उभं. मग पुढच्या चाकाचा पाय फार लांब होऊ नये म्हणून नाक खाली घेतलेलं. शेपटीवर तीन पंख, कारण एकच उंच केला असता तर तेव्हाच्या हँगरच्या दारातून आत गेला नसता, असं सांगतात. म्हणजे दार लहान म्हणून सुनेनं वाकून यायचं, ही पद्धत लॉकहीडच्या कॅलिफोर्नियातही होती.

आपलं आणि कॉन्स्टेलेशनचं नातं जुनं. ८ जून १९४८ रोजी 'मलबार प्रिन्सेस' ३५ प्रवासी घेऊन मुंबईहून कैरो, जिनिव्हा करत लंडनला निघालं. एअर इंडिया इंटरनॅशनलचं ते पहिलं उड्डाण. ताफ्यात पुढे 'राजपूत प्रिन्सेस', 'मुघल प्रिन्सेस' आणि 'मराठा प्रिन्सेस' आल्या. ही माहिती मी एका रविवारी पंगतीत दिली आणि माझ्या मेव्हण्याचा घास हातातच थांबला. तोपर्यंत त्यानं माझ्या छंदाकडे वळूनही पाहिलेलं नव्हतं.

"भावोजी, मग मराठा प्रिन्सेसच करायची."

"मी सुपर कॉन्स्टेलेशन करतोय. ते नंतरचं, लांब."

"त्यात काय, नाव बदला."

"मराठा प्रिन्सेसच्या खिडक्या गोल होत्या. याच्या चौकोनी आहेत."

"कोण बघतंय!"

बेतणाऱ्या माणसाला उद्देशून उच्चारता येतील असे जगात जेवढे शब्द आहेत, त्यांत याहून जिव्हारी लागणारे दोन मला माहीत नाहीत.

आता खरी अडचण सांगतो. कागद वाकतो, पण एका वेळी एकाच दिशेला. त्याची नळी होते, शंकू होतो. दोन्ही दिशांना एकदम वाक म्हटलं की तो आधी सुरकुततो आणि मग फाटतो. हा तुमच्या हातांचा दोष नाही. सपाट पृष्ठभाग ताणल्या-फाटल्याशिवाय गोलावर बसत नाही हे कार्ल फ्रेडरिक गाउसच्या १८२७ सालच्या सिद्धान्तातूनच निघतं. घरात कोणी "नाकाला सुरकुत्या पडल्यात" म्हटलं की मी गाउसचं नाव सांगतो. शाळेत गणितानं मला कधी साथ दिली नव्हती. उतारवयात त्यानं एवढा मोठा माणूस पाठीशी उभा केला, हे ऋण मी विसरणार नाही.

कॉन्स्टेलेशनच्या शरीरात सरळ म्हणावं असं फार थोडं आहे. पुढे वाकलेलं, मागे वाकलेलं, शिवाय निमुळतं. त्यामुळे त्याची आडवी कडी करावी लागतात, आणि प्रत्येक कडं शेजारच्यापेक्षा वेगळं. तिरकी कापलेली नळी उलगडली की तिची कड सरळ येत नाही, लाटेसारखी वर-खाली होते. त्या कड्यांवरून एअर इंडियाचा लाल पट्टा न्यायचा तर तो सपाट कागदावर वाकडातिकडा छापावा लागतो, तेव्हा कुठे विमानावर सरळ दिसतो. पेपाकुरा नावाचं जपानी सॉफ्टवेअर ही उलगडण्याची कामं करतं, पण त्याला तारतम्य नाही. नाकाच्या शेंड्याचे ते शेकडो त्रिकोण करून देतं. काही तर तांदळाच्या कणीएवढे, आणि प्रत्येकाला चिकटवायची पट्टी! गणितदृष्ट्या बिनचूक. फक्त ते चिकटवायला माणसाऐवजी मुंगी लागेल.

या वळणावर आत्या आली.

माझी आत्या चाळीस वर्षं ब्लाउज शिवत होती. आता डोळ्यांमुळे थांबली आहे. म्हणजे स्वतः शिवत नाही, इतरांचं शिवलेलं बघून बोलते. मी नाकाच्या तुकड्याशी झटत होतो. तिनं चष्मा खाली ओढला, तो तुकडा उलटसुलट केला आणि विचारलं, "हे काय? टक्स कुठायत?"

"आत्या, हे विमान आहे."

"पोट आहे ना त्याला? सपाट कापडातून गोलाई काढायची तर टक्स घ्यावेच लागतात. नाहीतर प्रिन्सेस कट कर. वरपासून खालपर्यंत उभ्या कळ्या. सहाच्या आठ केल्यास की आणखी छान बसेल."

आठ कळ्यांचं नाक खरोखरच छान बसलं. एकेक कळी पाकळीसारखी, शेंड्याकडे निमुळती, मागे रुंद. आठही कडा शेंड्यावर येऊन भेटल्या आणि आतून एक बारीक चकती लावल्यावर तिथेच राहिल्या. गाउसनं जे सिद्ध केलं होतं, त्यातून वाट कशी काढायची हे आत्या चाळीस वर्षं नगामागे पैसे घेऊन दाखवत होती. फरक एवढाच की गाउसकडे कोणी "परवा हळदीकुंकू आहे, उद्यापर्यंत द्या" म्हणून आलं नव्हतं.

तेव्हापासून ती आमची तांत्रिक सल्लागार. शिवण पोटाखाली ठेव, दर्शनी बाजूला येता कामा नये, हा तिचा पहिला नियम. चिकटवायच्या पट्टीला ती मार्जिन म्हणते, आणि कड्याला कडं जोडायला आतून जी अरुंद पट्टी लावतात तिला अस्तर. ही पट्टी मला दर वेळी मोठी होत होती. कागदावर मोजून बरोबर, आत घातली की फुगायची. आत्या म्हणाली, "आतलं बाहेरच्याएवढंच बेतलंस तर झोळ येणारच की."

मग मी गणित मांडलं. माझा १६० जीएसएमचा कागद ०.२ मिलिमीटर जाड. आतल्या नळीची त्रिज्या तेवढ्यानं कमी, म्हणजे परीघ त्याच्या दोन पाय पटीनं, साधारण सव्वा मिलिमीटरनं कमी. गंमत अशी की नळी केवढीही असो, हा सव्वा मिलिमीटर बदलत नाही. इंजिनाच्या चौदा मिलिमीटरच्या टोपणालाही तेवढाच आणि पृथ्वीला विषुववृत्तावर कागद गुंडाळून आतून अस्तर लावलं तरी तेवढाच. हे उत्तर पाहून मी भारावून गेलो आणि आत्याला जाऊन सांगितलं. ती म्हणाली, "पृथ्वीला कशाला अस्तर?"

बेतून झालं की छपाई. जाड कागद म्हटला की कॉपी-प्रिंटच्या दुकानात आधी नकार मिळतो, मग "मशीनला काही झालं तर बघा" अशी तंबी मिळते, मग प्रिंट मिळते. आमच्याकडच्या दुकानातला मुलगा अतिशय सेवाभावी. त्यानं स्वतःहून 'फिट टू पेज' करून दिलं.

"सर, कडा कापल्या जात होत्या, मी बसवलं बरोबर."

बसवलं होतं. शंभराचं एकशेतीन करून. सुपर कॉन्स्टेलेशनची लांबी ३४.६ मीटर, म्हणजे माझ्या प्रमाणात ३४.६ सेंटिमीटर. त्यातला एक सेंटिमीटर गायब. खऱ्या विमानात तो एक मीटर होतो. म्हणजे या मुलानं एका टिचकीत प्रवाशांची एक अख्खी रांग उतरवली होती, आणि तीही न विचारता. हे मी त्याला समजावून सांगितलं. तो गंभीर झाला आणि म्हणाला, "सर, पण कडा तर आल्या ना पूर्ण?"

इंजिनांबद्दल मात्र माझी तक्रार नाही. खऱ्या सुपर कॉन्स्टेलेशनला प्रत्येकी १८ सिलिंडरची चार राइट इंजिनं होती. ती ताकदवान आणि तितकीच नाठाळ. त्यातलं एखादं वाटेत बंद करावं लागायचं, म्हणून कॉन्स्टेलेशनला त्या काळी लोक गमतीनं जगातलं सर्वोत्तम तीन इंजिनांचं विमान म्हणत. माझी चारही इंजिनं एकसारखी चालतात. फुंकर एकसारखी बसायला हवी.

दरम्यान घरच्यांना गोव्याला जावंसं वाटलं. मी इतक्या पटकन हो म्हटलं की बायकोला संशय आला, आणि तो रास्त होता. दाबोळी विमानतळाजवळ बोगमाळोच्या रस्त्यावर नौदलाचं विमान संग्रहालय आहे आणि तिथे अंगणात एक सुपर कॉन्स्टेलेशन उभं आहे. आधी ते एअर इंडियाचं होतं, मग हवाई दलाचं झालं, शेवटी नौदलासाठी समुद्रावर टेहळणी करत फिरलं. घरचे बोगमाळोच्या किनाऱ्यावर गेले. मी टेप आणि वही घेऊन विमानाच्या पोटाखाली.

"साहब, हाथ नहीं लगाना."

"नहीं, सिर्फ देख रहा हूँ."

"आधे घंटे से एक ही जगह देख रहे हैं."

जागा बघण्यासारखीच होती. शेपटीच्या अलीकडे, जिथे पोट वर चढायला लागतं, तिथे पत्र्याच्या दोन तुकड्यांचा जोड होता. जोडावरून रिव्हेटची ओळ गोल फिरून पलीकडे गेलेली. खाऱ्या हवेनं रंग फुगलेला, त्यामुळे जोड आणखी उठून दिसत होता. त्याच्या मागे आणखी एक जोड, पुढच्यापेक्षा थोडा अरुंद आणि थोडा वर. मग आणखी एक. माझ्या वहीत मी पेन्सिलीनं जी कडी पाडली होती, त्यांचीच मोठी भावंडं डोक्यावर रांगेनं उभी होती. शिवण, मार्जिन, आतून अस्तर, सगळं जागच्या जागी. फक्त फेविकॉलच्या ऐवजी रिव्हेट.

अॅल्युमिनियमचा पत्राही शेवटी सपाटच येतो. त्यालाही एका दिशेला वाकायला हरकत नसते. दोन्ही दिशांना वाकवायचं तर साच्यावर दाबावं लागतं, ताणावं लागतं. आणि कडं वेगळं म्हणजे साचा वेगळा. म्हणजे मी जेवणाच्या टेबलावर ज्या ज्या ठिकाणी अडलो होतो, त्या त्या ठिकाणी लॉकहीडचे पगारी इंजिनिअरही घाम पुसत उभे असणार. मला फार बरं वाटलं. त्यांच्यापुढे तर 'कोण बघतंय' म्हणायचीही सोय नव्हती. न्यू यॉर्कपासून सांताक्रूझपर्यंत सगळे बघत होते.

त्यांचे प्रतिस्पर्धी डग्लसवाले हिशेबी. त्यांनी डीसी-४ चं अंग मधे सरळ नळीसारखं ठेवलं. मोठं विमान हवं झालं की नळीत तुकडा वाढवायचा. त्यातूनच डीसी-६ निघालं, डीसी-७ निघालं. दिसायला ते नाकासमोर चालणारं, गणपतीला आरती म्हणून घरी जाणारं विमान. पण साचे कमी, खर्च कमी, वाढवायला सोपं. आणि मग लॉकहीडलाही १९५० मध्ये आपलं विमान लांबवायची वेळ आली. विमान कंपन्यांना जास्त खुर्च्या हव्या होत्या. त्यांनी काय केलं? पंखांच्या पुढे आणि मागे सरळ नळीचे तुकडे घातले. एकूण १८ फूट ४ इंच. कॉन्स्टेलेशनचं सुपर कॉन्स्टेलेशन झालं ते असं, पाइप गिळून.

हे कळल्यावर माझ्या तक्त्यातलं एक कोडं सुटलं. माझ्या मॉडेलमध्ये मिळून साधारण साडेपाच सेंटिमीटरचे दोन पट्टे असे आहेत, जिथे काही त्रासच होत नाही. चौकोनी कागद घ्यायचा, गुंडाळायचा, चिकटवायचा. तिथे आलं की मी चहा मागवतो. ती निवांत जागा मला लॉकहीडच्या कलावंतांनी दिलेली नाही, हिशेबनिसांनी दिलेली आहे.

मेव्हण्याला हे सांगितलं. त्यानं यातून एकच अर्थ काढला.

"म्हणजे मराठा प्रिन्सेसमध्ये हा पाइप नव्हता?"

"नव्हता."

"मग ती लहान. लवकर होईल."

त्याला कसं सांगावं की जे साडेपाच सेंटिमीटर कमी होणार, नेमके तेच सोपे होते! उरली ती सगळी प्रिन्सेस, नखशिखांत. तरीही आता ती करायला घेतली आहे, कारण त्यानं आमच्या सोसायटीच्या गणपतीच्या सजावटीत तिची घोषणा करून टाकली. देखाव्यात ढग कापसाचे असतील. आल्प्स पर्वत थर्माकोलचे करायचं चाललं होतं, पण थर्माकोलला बंदी असल्यामुळे आता पुठ्ठ्याचे. पर्वत बेतायचे कोणी, यावर समिती माझ्याकडे बघत आहे.

पुढे १९६० मध्ये एअर इंडियाकडे बोइंग ७०७ आलं आणि पंख्यांचा जमाना मागे पडू लागला. जेट आलं ते नळी घेऊनच. नाक आणि शेपूट सोडलं तर मधला सगळा भाग सरळ. प्रवासी वाढले की लांब करा, कमी झाले की आखूड करा. आज विमानतळाच्या काचेतून बाहेर बघितलं तर कोणतं विमान कोणत्या कंपनीचं हे ओळखण्यासाठी नाव वाचावं लागतं. सगळी एकाच घरातली वाटतात, कपडे तेवढे वेगळे.

भाच्याला हे मान्य नाही. त्याच्या मते मामा म्हातारी विमानं करतो. "आपण ज्यातून दिल्लीला गेलो तसलं कर ना," असा त्याचा धोशा होता. शेवटी सुट्टीत केलं. नाकाला कळ्या घेतल्या, शेपटीला दोन-चार तिरकी कडी, आणि मधे एक लांबच लांब कागद गुंडाळून दिला. त्याच्या हातानं चिकटवून जेवायच्या आत तयार. मुलगा खूश. मी ते आत्यापुढे ठेवलं, वाटलं कौतुक करेल.

तिनं चष्मा खाली ओढला. पोटाखाली शिवण सरळ आहे का ते पाहिलं, बोटानं मधला भाग चाचपला, एकही टक सापडला नाही तशी विमान परत माझ्या हातात दिलं.

"हा तर लोडाचा अभ्रा झाला," ती म्हणाली. "याला टेलर कशाला लागतो?"

विमान कंपन्यांचंही नेमकं हेच म्हणणं होतं.